पेनकिलरनंतर ओठांवर फोड, अंगावर चट्टे: कुठे थांबायचं आणि पुढे दुखण्याला काय द्यायचं?

खालची_दाढ

दाढ काढल्यावर किंवा रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीनंतर तीन-पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देणं हे आपलं रोजचं काम. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, कधी केटोरोलॅक. जोडीला अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल. बहुतेकांना काही होत नाही. अधूनमधून मात्र फोन येतो की गोळ्या सुरू केल्यापासून अंगावर काहीतरी उठलंय, आणि त्यावर ‘सेटिरिझिन घ्या, नाही उतरलं तर या’ एवढंच सांगितलं जातं. बऱ्याचदा ते निभावतं. जी केस निभावणार नाही ती वेळेत ओळखायची कशी, हे विचारायचं आहे.

फोनवर नेमकं काय विचारलं की साधं पित्त उठलंय की स्टीव्हन्स-जॉन्सनची (औषधाने कातडी आणि तोंड-डोळ्यांची अंतस्त्वचा सोलवटणाऱ्या जीवघेण्या आजाराची) सुरुवात आहे, याचा अंदाज येतो? ओठ आणि तोंड हे तर आपलंच क्षेत्र, पण भूल उतरण्याआधी ओठ चावला गेला, हर्पीस उठला, की औषधाने झालं, हे कशावरून ठरवायचं? तीन-चार औषधं एकदम चालू असताना दोष कोणत्या गोळीच्या माथी मारायचा? आणि एकदा असं होऊन गेलेल्या माणसाची दाढ पुन्हा ठणकली तर काय द्यायचं? ‘पॅरासिटामॉल सगळ्यांना चालतं’ हे वाक्य डोळे झाकून मानावं का?

एपिडर्मिस

त्वचारोगाच्या बाजूने उत्तर देतो. फोनवर पहिला प्रश्न ‘काय उठलंय’ हा नको. ‘पहिली गोळी कधी घेतली आणि हे पहिल्यांदा कधी दिसलं’ हा हवा. निम्मं निदान तिथेच होतं.

गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत गांधी उठल्या, पापण्या किंवा ओठ सुजले, तर ते पित्त आणि अँजिओएडिमा. अर्ध्या तासापासून साधारण दिवसभरात एक-दोन गोल, काळपट-जांभळे चट्टे आले आणि मागच्या वेळीही नेमके त्याच जागी आले होते, तर फिक्स्ड ड्रग इरप्शन. एक-दोन दिवसांत ताप येऊन काखेत, जांघेत लाल कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे पूभरले दाणे पसरले, तर एजेप (AGEP, पूभरल्या दाण्यांची औषधी प्रतिक्रिया). दंतचिकित्सेत त्यामागे पेनकिलरपेक्षा अमॉक्सिसिलिन असण्याची शक्यता जास्त. स्टीव्हन्स-जॉन्सन आणि त्याचं मोठं रूप टेन (TEN, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) हे पहिल्या गोळीनंतर बहुधा ४ ते २८ दिवसांत येतात. ड्रेस (DRESS, आतले अवयवही धरणारी औषधी प्रतिक्रिया) सगळ्यांत उशिरा, २ ते ८ आठवड्यांनी: ताप, चेहऱ्यावर सूज, अंगभर पुरळ, गाठी, रक्तात इओसिनोफिल वाढलेले आणि यकृताची एन्झाइम चढलेली.

यात दोन खड्डे आहेत. कोर्स तीन दिवसांचा असतो, पुरळ दहाव्या दिवशी येतं. तोवर गोळ्या संपलेल्या असतात, त्यामुळे रुग्ण त्याचा दाताशी संबंध जोडत नाही आणि दाखवायला दुसरीकडेच जातो. दुसरा खड्डा उलटा: त्याच औषधाने पूर्वी एकदा संवेदनशील झालेल्या माणसात स्टीव्हन्स-जॉन्सन एक-दोन दिवसांतही उभा राहतो. म्हणून ‘चार दिवस व्हायचेत, म्हणजे ते नाही’ असं म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न: खाजतंय की दुखतंय? पित्त खाजतं, आणि एकेक गांध चोवीस तासांच्या आत विरून दुसरीकडे उठते. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये कातडी हुळहुळते, कपड्याचा स्पर्श सोसत नाही, आणि दिसणारा चट्टा फारसा भयंकर नसतानाही दुखणं जबर असतं. त्यानंतर विचारा: चट्टे येण्याच्या एक ते तीन दिवस आधी ताप, घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं होतं का? लघवीला आग होते का? रुग्ण आपणहून लघवीचं सांगत नाही, कारण दाताच्या डॉक्टरला ते कशाला सांगायचं असं त्याला वाटतं. तोंड, डोळे, जननेंद्रिय यांपैकी दोन ठिकाणची अंतस्त्वचा धरलेली असेल आणि सोबत ताप असेल तर फोनवर औषध सांगत बसू नका. आजच, आत्ता रुग्णालय.

समोर आल्यावर काय बघायचं: छाती-पाठीवर सपाट, मधोमध काळपट, कडा अस्पष्ट असलेले डाग, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या, डोळे लाल. डागाच्या कडेला बोटाने हलकेच तिरकस दाब दिल्यावर वरचा पापुद्रा सरकला तर निकोल्स्की चिन्ह आहे. एकदाच करा, सारखं करून कातडी सोलू नका. किती टक्के कातडी सुटली हे मोजायला रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट १ टक्का धरतात. सुटलेली आणि सुटू शकणारी कातडी तेवढी मोजायची, नुसती लाल झालेली नाही. ही चूक सर्रास होते आणि आकडा फुगतो. १० टक्क्यांच्या आत स्टीव्हन्स-जॉन्सन, १० ते ३० मधली पायरी, ३० च्या वर टेन. स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी १९२२ मध्ये दोन मुलांचं वर्णन केलं, लायेल यांनी १९५६ मध्ये टेनचं. आज हे एकाच आजाराचे कमी-जास्त प्रकार मानले जातात. दोन्ही दुर्मीळ आहेत, वर्षाला दहा लाखांत मोजके रुग्ण. पण टेनमध्ये साधारण तिघांतला एक दगावतो, म्हणून दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही.

आता तोंडातलं. भूल असताना चावलेला ओठ एका बाजूला, दातांच्या रेषेत, भूल दिली त्याच बाजूला असतो, आणि दुसऱ्या दिवशी पांढुरका दिसतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून ठेवल्याने होणारी भाज पांढरी, सुरकुतलेली आणि गोळी ठेवली तेवढ्याच जागेवर. हर्पीसमध्ये बारीक पाणीदार पुळ्या झुबक्याने येतात, आधी मुंग्या येतात, काळा डाग मागे राहत नाही. फिक्स्ड ड्रग इरप्शन ओठावर आलं तर एकच गोल चट्टा किंवा फोड, बरा झाल्यावर राखाडी-तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. दर वेळी दात दुखल्यावर ओठावर ‘जर’, म्हणजे तापाचा फोड, उठतो असं सांगणाऱ्या रुग्णात तो जर नसून गोळी असण्याची शक्यता धरून चला. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये मात्र दोन्ही ओठ, गाल, जीभ, टाळू असं सगळंच एकदम सोलवटतं, लाळ गिळवत नाही. हात-पायांवर गोल, तीन कड्यांचे स्पष्ट चट्टे असतील तर एरिथिमा मल्टिफॉर्म. त्यामागे बहुधा हर्पीस असतो, औषध क्वचित.

आणि कळकळीची विनंती: ताप आणि घसा दिसला की ‘इन्फेक्शन वाढलंय’ म्हणून अँटिबायोटिक बदलणं आणि ‘ही सोसली नाही’ म्हणून दुसरी पेनकिलर चढवणं, या दोन गोष्टी करू नका. जीव वाचवायला लागणारी सोडून सगळी औषधं त्याच क्षणी बंद. कमी अर्धायुष्याचं, म्हणजे शरीरातून लवकर निघून जाणारं, औषध जितक्या लवकर थांबेल तितकी वाचण्याची शक्यता वाढते असं दिसलं आहे.

रात्रपाळी

वरच्या उत्तरात पित्ताचा भाग चटकन संपला, म्हणून तेवढंच जोडतो. पित्तासोबत आवाज घोगरा होणं, जीभ जड वाटणं, छातीत घरघर, चक्कर, वारंवार उलटी यांपैकी काहीही असेल तर ती जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस समजा. अ‍ॅड्रेनॅलिन १:१००० मधलं ०.५ मिलि, म्हणजे ०.५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३, त्याहून लहानाला ०.१५ मिग्रॅ. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. आडवं झोपवा, पाय वर. दम लागत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करून चालवत नेऊ नका. सेटिरिझिन आणि स्टेरॉईड ही नंतरची कामं, त्यांच्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन थांबवायचं नाही.

डेंटल खुर्चीत असा प्रसंग आला की सगळे पेनकिलरकडे किंवा लिडोकेनकडे बोट दाखवतात. क्लोरहेक्सिडिन आणि लेटेक्सचे हातमोजे यांचीही नोंद करा, ते दोघे हमखास विसरले जातात.

अर्धायुष्य

दोषी कोण, या प्रश्नावर मी औषधशास्त्राच्या अंगाने लिहिते.

सगळ्या पेनकिलर एकाच तराजूत तोलू नका. युरोपातल्या युरोस्कार अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, स्टीव्हन्स-जॉन्सन आणि टेनशी सर्वांत घट्ट संबंध ऑक्सिकॅम गटाचा दिसला: पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम, टेनॉक्सिकॅम. त्याखाली अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड गट, म्हणजे डायक्लोफेनॅकची मंडळी. आयबुप्रोफेनसारख्या प्रोपिऑनिक गटात ठळक धोका दिसला नाही. म्हणजे आयबुप्रोफेनने होतच नाही असं नव्हे. एकट्या-दुकट्या केसेस आहेत. पिरॉक्सिकॅमचं अर्धायुष्य सुमारे ५० तास, मेलॉक्सिकॅमचं २० च्या आसपास. आज बंद केलेलं पिरॉक्सिकॅम शरीरातून जायला दहा दिवस लागतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एक-दोन तासांची, दिवसभरात साफ. युरोपच्या औषध नियामकाने २००७ मध्ये पिरॉक्सिकॅम तात्पुरत्या दुखण्याला वापरू नये असं ठरवलं, त्यात पोटाइतकंच त्वचेचंही कारण होतं. त्यामुळे दाढदुखीला पिरॉक्सिकॅमची विरघळणारी गोळी देणं मला तरी समर्थनीय वाटत नाही. दिवसातून एकदाच घ्यायची ही सोय, पण बिघडलं तर तीच सोय अंगाशी येते.

बाकीचे: व्हॅल्डेकॉक्सिब २००५ मध्ये बाजारातून गेलं, हृदयाच्या धोक्याबरोबर त्वचेच्या गंभीर प्रतिक्रिया हे त्यामागचं एक कारण. पॅरासिटामॉलबद्दल अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०१३ मध्ये स्टीव्हन्स-जॉन्सन, टेन आणि एजेपचा इशारा दिला. प्रमाण अत्यंत कमी, पण शून्य नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने ड्रेस होऊ शकतो, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस दिला. फिक्स्ड ड्रग इरप्शनमध्ये नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, निमेसुलाइड, पॅरासिटामॉल हे सगळे येतात, पण डेंटल चिठ्ठीत त्याआधी मेट्रोनिडाझोल, ऑर्निडाझोल, टिनिडाझोल यांच्याकडे बघा. ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी दिली असेल तर त्यातले दोन्ही घटक संशयित.

दोष ठरवायची रीत. आधी ‘पहिलं लक्षण’ कोणत्या तारखेला आलं ते पक्कं करा. पुरळाची तारीख नको. ताप किंवा घशाची सुरुवात ती खरी तारीख. मग गेल्या आठ आठवड्यांत सुरू केलेलं प्रत्येक औषध एका रेषेवर मांडा: सुरू, बंद, पुन्हा सुरू. स्टीव्हन्स-जॉन्सनसाठी वापरायच्या अल्डेन गुणांकनात ५ ते २८ दिवस आधी सुरू झालेल्याला +३, २९ ते ५६ दिवसांना +२, १ ते ४ दिवसांना +१, आणि पहिल्या लक्षणाच्या दिवशी किंवा नंतर सुरू झालेल्याला थेट −३. हा शेवटचा आकडा आपल्यासाठी फार कामाचा. घसा दुखतो, ताप आहे, हिरड्या सुजल्यासारख्या वाटतात म्हणून माणूस आयबुप्रोफेन घेतो, दोन दिवसांनी कातडी सुटते, आणि नाव आयबुप्रोफेनचं होतं. प्रत्यक्षात ती गोळी आजाराच्या सुरुवातीच्या दुखण्यासाठीच घेतलेली असते. खरा दोषी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं अ‍ॅलोप्युरिनॉल, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन किंवा को-ट्रायमॉक्साझोल असतो. निर्दोष पेनकिलरवर शिक्का बसून खरं औषध चालू राहणं, याहून वाईट काही नाही. म्हणून ‘दुसऱ्या कशासाठी काही गोळ्या सुरू आहेत का’ हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांबद्दल विचारा, आजबद्दल नाही.

जोडगोळ्यांबद्दल एक मत. अ‍ॅसेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज एकाच गोळीत असलं की बिघडल्यावर तिघांवर संशय आणि तिन्ही बंद. सेराशिओपेप्टिडेजचा फायदा तसाही तोकड्या पुराव्यावर उभा आहे. वेगवेगळ्या स्ट्रिप द्या, चिठ्ठीवर ब्रँडसोबत घटकाचं नाव लिहा आणि स्ट्रिप फेकू नका असं सांगा.

खालची_दाढ

फार उपयोगी. आता पुढचं. एक रुग्ण सांगतो, आयबुप्रोफेनने डोळे सुजले. दुसऱ्या वेळी डायक्लोफेनॅकनेही तसंच. त्याला एकदम सगळं बंद म्हणायचं का? आणि दुसऱ्याला डायक्लोफेनॅकने स्टीव्हन्स-जॉन्सन होऊन गेलाय, त्याला काय? शिवाय ट्रायजेमिनल न्यूराल्जियाला (चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याला) कार्बामाझेपिन आपणही सुरू करतो, त्याचं नाव अजून कोणी काढलं नाही.

टाका_आणि_गॉज

तुमचे हे दोन रुग्ण पूर्ण वेगळे आहेत, त्यांना एका रांगेत बसवू नका.

पहिल्याला दोन वेगवेगळ्या गटांच्या औषधांनी सूज आली. म्हणजे शरीर कुठल्या एका ठरावीक रेणूवर उठलेलं नाही. कॉक्स-१ (पेनकिलर ज्याला अडवतात ते एन्झाइम) अडला की ल्युकोट्रिन ही दाह वाढवणारी द्रव्यं वाढतात आणि त्यातून सूज, पित्त येतं. कॉक्स-१ जोरात अडवणारं कोणतंही औषध त्याला तेच करणार: अ‍ॅस्पिरिन, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक. अशांना पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिग्रॅपर्यंत बहुधा चालतं. १००० मिग्रॅ दिलं तर त्यांतल्या काहींना त्रास होतो. म्हणजे ‘पॅरासिटामॉल चालतं’ हे अर्धं वाक्य, मात्रा सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. इटोरिकॉक्सिब बहुतेकांना चालतं, पण पहिला डोस घरी नाही. अ‍ॅलर्जी बघणाऱ्या विभागात देखरेखीखाली भाग करून. दमा आणि नाकातले पॉलिप असलेल्या रुग्णाला हाच प्रश्न दम्याच्या अंगाने विचारा, त्याला त्वचेपेक्षा श्वासाचा धोका मोठा.

एकाच औषधाने पित्त आणि बाकीच्या गटांची औषधं नंतर व्यवस्थित पचली असतील, तर तो तिसरा प्रकार: त्या एका औषधाची किंवा त्याच्या जवळच्या नातलगांची अ‍ॅलर्जी. त्याला वेगळ्या गटातलं देता येतं, पण तेही आधी तपासून.

दुसरा रुग्ण, डायक्लोफेनॅक आणि स्टीव्हन्स-जॉन्सन: डायक्लोफेनॅक जन्मभर बंद, आणि त्यात मलम, जेल, डोळ्याचे थेंब सगळं आलं. अ‍ॅसेक्लोफेनॅक बंद, त्याचा काही भाग शरीरात डायक्लोफेनॅकच होतो. त्याच कुळातले केटोरोलॅक, इंडोमेथासिन टाळा. ऑक्सिकॅम तर कोणत्याच कारणाने नको. इथे ‘थोडं देऊन बघू’ हा प्रकार नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन, टेन, ड्रेस यांनंतर संशयित औषध देऊन तपासणं निषिद्ध आहे.

मग दुखणं? गोळीवरचा भार कमी करा. पल्प सुजून ठणकणाऱ्या दाढेला गोळी हा उपचारच नाही. पल्प काढला, गळू मोकळं केलं, चावणं उतरवलं की दुखणं खाली येतं. गोळ्यांवर पाच दिवस ढकलणं हीच बहुतेक अनावश्यक चिठ्ठ्यांची मुळं. शस्त्रक्रियेनंतर ब्युपिव्हाकेन ०.५ टक्के ब्लॉक दिला तर सहा-आठ तास निघतात, आणि पहिल्या रात्रीचा कळस तेवढ्यात सरतो. भूल देणारी अमाइड औषधं पेनकिलरशी कुठल्याही अर्थाने नातं ठेवून नाहीत. त्यानंतर पॅरासिटामॉल ५००-६५० मिग्रॅ दर सहा तासांनी, तेही या रुग्णाने आजारानंतर विनात्रास घेतलेलं असेल किंवा त्वचातज्ज्ञाने लेखी मोकळं केलं असेल तर. पुढे गरज पडलीच तर ट्रॅमाडॉल, उलटी आणि झोप यांची कल्पना देऊन. आकडी येणाऱ्या किंवा नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला नको.

ज्याला कधीच काही झालेलं नाही त्याच्यासाठी आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५००, दोन-तीन दिवस, हे अजूनही उत्तम आहे. हा धागा वाचून कोणी घाबरून ओपिऑइडकडे वळू नये. केटोरोलॅक वापरत असाल तर इंजेक्शन आणि गोळी मिळून पाच दिवसांची मर्यादा पाळा. ती त्वचेसाठी नाही, पोट आणि मूत्रपिंडासाठी आहे, पण दिवस कमी ते बरंच.

चिठ्ठीत न दिसणारी औषधंही तपासा. तोंड आल्यावर लावायच्या जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं भावंड. घसादुखीच्या गुळण्यांतलं बेंझिडामिन हे स्वतःच दाहशामक पेनकिलर आहे. काही माउथवॉशमध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं. ‘मी गोळी घेतलीच नाही’ म्हणणारा रुग्ण खरं बोलत असू शकतो.

अर्धायुष्य

कार्बामाझेपिनचं नाव मीच आधी काढायला हवं होतं असं नाही, पण धाग्यात ते येणं गरजेचं होतं, कारण चेहऱ्याच्या दुखण्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या औषधांत स्टीव्हन्स-जॉन्सनचा सर्वांत मोठा धोका त्याचाच. एचएलए-बी*१५:०२ हे जनुकरूप असलेल्यांत तो कैक पटींनी वाढतो; हा संबंध २००४ मध्ये तैवानच्या हान चिनी रुग्णांत दाखवला गेला, आणि २००७ मध्ये एफडीएने आशियाई वंशाच्या रुग्णांत औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करायला सांगितलं. एचएलए-ए*३१:०१ हे दुसरं, ते जास्त करून ड्रेस आणि साध्या पुरळाशी जोडलेलं. तपासणी नकारात्मक आली म्हणजे धोका संपला असं नाही. प्रतिक्रिया बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतात, त्यामुळे वर्षभर व्यवस्थित घेणाऱ्याला आता तपासणी करून फार काही मिळत नाही. बी*१५:०२ असलेल्याला पर्याय म्हणून ऑक्सकार्बाझेपिन देऊ नका, ते त्याच वाटेने जातं. सुरुवात १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आणि पहिल्या चिठ्ठीवरच लिहा: ताप, घसा, तोंडात फोड किंवा पुरळ, काहीही आलं तर पुढची गोळी घ्यायची नाही.

रात्रपाळी

एक मतभेद नोंदवतो. बऱ्याच दवाखान्यांत पुरळ दिसलं की डेक्सामेथासोन आणि फेनिरामिनची सुई देऊन घरी पाठवतात. पित्ताला ते चालून जातं. पण दुखणारी कातडी, ताप आणि ओठ हे तिन्ही असलेल्याला तसं पाठवलं तर काही तास बरं वाटतं आणि तेवढेच तास वाया जातात. स्टेरॉईड द्यायचं की नाही हा वाद अजून आहे, सायक्लोस्पोरिन आणि इटॅनरसेप्टही वापरतात. तो निर्णय दाखल केल्यावरचा. डेंटल दवाखान्यातून फक्त औषधं बंद करून माणूस हलवायचा. जिथे भाजलेल्यांचा विभाग किंवा अतिदक्षता विभाग, त्वचातज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ एकत्र आहेत अशा ठिकाणी, मधे दोन दवाखाने न करता. हलवताना कातडीवर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना पापुद्रा सोबत येतो.

दाखल केल्यावर पहिल्या दिवशी स्कॉर्टेन हे मृत्यूचा धोका मोजणारं गुणांकन काढतात: वय ४० किंवा जास्त, नाडी १२० किंवा जास्त, कर्करोग, १० टक्क्यांहून जास्त सुटलेली कातडी, रक्तात वाढलेला युरिया, वाढलेली साखर, कमी झालेलं बायकार्बोनेट. प्रत्येकी एक गुण. ०-१ ला मृत्यूचा अंदाज ३ टक्क्यांच्या आसपास, ३ ला ३५, ५ किंवा जास्तला ९०. नाडी आणि वय तुम्ही रेफरच्या चिठ्ठीतच लिहू शकता.

खालची_दाढ

चिठ्ठीत आणखी काय असलेलं आवडेल? आणि फिक्स्ड ड्रग इरप्शन असेल तर रुग्णालयात पाठवायचं की इथेच बघायचं? रक्ताची कुठली तपासणी आहे का, की जिने ‘कोणती पेनकिलर चालेल’ हे कळतं?

एपिडर्मिस

शेवटचं आधी: नाही. पेनकिलरसाठी रक्तातल्या आयजीईच्या (अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडाच्या) ज्या पॅनेल मिळतात त्यांच्यावर निर्णय घेऊ नका. वर सांगितलेल्या कॉक्स-१ च्या प्रकारात आयजीईचा संबंधच नाही, आणि स्टीव्हन्स-जॉन्सन टी-पेशींचं काम आहे. सुई टोचून करायची त्वचाचाचणीही इथे निरुपयोगी. पॅच चाचणी फिक्स्ड ड्रग इरप्शनमध्ये कामाची, पण ती जुन्या डागावरच लावावी लागते. तिथल्या बाह्यत्वचेत आठवण धरून बसलेल्या सीडी८ पेशी असतात, पाठीच्या निरोगी कातडीवर नसतात. पाठीवर लावून ‘नकारात्मक’ म्हणणं ही नेहमीची चूक. ड्रेसमध्ये पॅच चाचणी कधी मदत करते, स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये नकारात्मक आली तर तिला अर्थ नाही. या सगळ्या बरं झाल्यावर काही आठवड्यांनी, त्वचाविभागातच.

फिक्स्ड ड्रग इरप्शनचे एक-दोन डाग इथेच बघा: औषध बंद, डागावर मध्यम ताकदीचं स्टेरॉईड मलम, ओठावर असेल तर सौम्य. पण पुन्हा पुन्हा तीच गोळी घेत राहिलेल्या माणसात डाग वाढत जातात आणि शेवटी अंगभर मोठे फोड येतात. तो प्रकार स्टीव्हन्स-जॉन्सनसारखाच दिसतो. फरक एवढा की तो गोळीनंतर दिवसभरातच येतो, ताप कमी, तोंड आणि डोळे कमी धरलेले, आणि फोडांच्या मधली कातडी चांगली. वयस्कर माणसात तोही जीवघेणा होतो, त्यामुळे फोड अंगभर असतील तर निदानाचा घोळ घालत न बसता पाठवा.

चिठ्ठीत: प्रत्येक औषधाचं घटकनाव, मात्रा, पहिली आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी, दिलेली भूल आणि माउथवॉश, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, पूर्वी याच औषधाने काही झालं होतं का, आणि घरच्या नेहमीच्या गोळ्या. ‘पेनकिलर आणि अँटिबायोटिक दिलं’ असं लिहून आलेली चिठ्ठी आमच्या काहीच कामाची नाही. फोनवर फोटो मागवले असतील तर तारखेसकट जोडा, कारण दोन दिवसांत चित्र पूर्ण बदलतं.

आजार सरल्यावर तो माणूस पुन्हा तुमच्याकडेच येणार. तोंड कोरडं पडलेलं असतं, गाल आणि हिरडी यांच्यात चिकटलेले पट्टे असतात, तोंड पुरतं उघडत नाही. मुळं घडत असतानाच्या वयात हा आजार झाला असेल तर दातांची मुळं आखूड राहतात, म्हणून ब्रेसेसचा विचार करण्याआधी एक्स-रे बघा. कापसाचे रोल कोरडे ठेवू नका, ओले करून ठेवा आणि काढतानाही ओले करा. हातमोज्यांवर आणि ओठांवर पेट्रोलियम जेली लावा. आजार चालू असताना तोंडासाठी बोलावलं तर सलाइनच्या गुळण्या, बिनअल्कोहोलचं पातळ क्लोरहेक्सिडिन, ओठांवर दर दोन तासांनी जेली. दुखण्यासाठी तोंडात लावायला बेंझिडामिन एरवी वापरतात, पण संशय पेनकिलरवर असेल तर लिडोकेनचं जेल घ्या आणि खपल्या ओढून काढू नका.